मोठी बॅग गेल्यावर ठेचा आठवतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी असलेल्या मुला-मुलींकडे जाणारे आई-वडील आता खान्देशात जवळपास प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांची तिकिटं आणि व्हिसाची कामं करणाऱ्या आम्हा काही जणांना एक तक्रार सारखी ऐकू येते: विमानतळावर सामान काढून घेतलं. काय काढून घेतलं, तर खोबरेल तेलाची बाटली, दीडशे ग्रॅमची टूथपेस्ट, गुडघ्याला चोळायचं तेल, स्टीलच्या डब्यातला ठेचा. यातली एकही वस्तू विमानात न्यायला बंदी नाही. चेक-इनला दिलेल्या मोठ्या बॅगेत ती बिनबोभाट गेली असती. घोळ होतो तो क्रमाचा. आधी काउंटरवर मोठी बॅग जाते, मग सुरक्षा तपासणी होते आणि हातातल्या बॅगेचा नियम तिथे कळतो. तेव्हा वस्तू परत मोठ्या बॅगेत टाकायची सोय उरलेली नसते.

नियम मुळात लहानसा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिका-कॅनडाकडे जाणारी विमानं शीतपेयाच्या बाटल्यांत भरलेल्या द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उधळला. त्यानंतर जगभर ठरलं की आंतरराष्ट्रीय उड्डाणात हातातल्या सामानात द्रव पदार्थाची बाटली १०० मिलीलिटरपेक्षा मोठी नको, आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या, तोंड बंद होणाऱ्या एकाच पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. माणशी एकच पिशवी, साधारण २० बाय २० सेंटिमीटरची. एक लिटर म्हणजे शंभराच्या दहा बाटल्या, हा हिशेब कागदावरच जुळतो. गोल बाटल्यांमध्ये जागा वाया जाते आणि पिशवीचं तोंड ताण न पडता लागलं पाहिजे, म्हणून प्रत्यक्षात सहा-सातच बसतात. स्वयंपाकघरातली फ्रीजरची झिपवाली पिशवी बरेचदा याहून मोठी असते, तेव्हा माप पट्टीने मोजून बघावं.

सगळ्यात जास्त वाद होतो तो अर्ध्या बाटलीवरून. ‘तळाला एवढंसंच तेल आहे हो साहेब’ हे चालत नाही. मोजतात ती बाटलीवर छापलेली क्षमता, आतला माल नाही. दोनशे मिलीच्या बाटलीत चमचाभर शाम्पू असला तरी ती काढून घेतात. आपल्याकडच्या टूथपेस्टवर वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं आणि पेस्ट पाण्यापेक्षा जड असते, त्यामुळे शंभर ग्रॅमची ट्यूब शंभर मिलीच्या आतच बसते. दीडशे ग्रॅमची मात्र बाहेर पडते. घरून भरून न्यायच्या रिकाम्या बाटल्या घेताना ज्यांच्या अंगावरच १०० मिली असं उमटवलेलं असतं त्याच घ्याव्यात. बिनखुणेच्या बाटलीवर तपासणारा अंदाज बांधतो आणि तो आपल्या बाजूने क्वचितच असतो.

द्रव कशाला म्हणायचं, याची घरगुती परीक्षा अशी: ओतलं तर वाहतं, दाबलं तर निघतं, फासलं तर पसरतं, ते सगळं द्रवात धरा. तूप, मध, श्रीखंड, मुरंबा, तेलातलं लोणचं आणि हो, भरीतसुद्धा. जळगावच्या माणसाला भरिताला ‘जेल’ म्हटलेलं सोसायचं नाही, पण यंत्राला त्यातलं काही कळत नाही. हिवाळ्यात गोठलेलं खोबरेल तेल घट्ट दिसतं म्हणून सुटत नाही. ते २४ अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याला तेलच धरतात. कळण्याचं पीठ, बिबड्या, केळीचे वेफर्स, साबणाची वडी, टाल्कम पावडर, काडीसारखं फिरवून लावायचं डिओडरंट हे कोरडं, त्यांना ही अट नाही. फक्त अमेरिकेला जाणाऱ्यांनी काळा मसाला आणि बाकीच्या पुडी मोठ्या बॅगेतच टाकाव्यात. ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातात असली तर तिची वेगळी तपासणी होते आणि ती अडूही शकते.

औषधांना सूट आहे, पण ती प्रवासाला लागतील तेवढ्याच औषधांना. इन्सुलिन हातातच ठेवावं. मोठ्या बॅगांच्या कप्प्यात थंडीने ते गोठलं तर निकामी होतं. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाचं मूळ नाव लिहिलेली आणि तिकिटावरच्या नावाशी जुळणारी हवी. खोकल्याच्या औषधाची लहान बाटली, डोळ्यांचे थेंब, बामची डबी या वस्तू पिशवीतच मावतात, त्यांच्यासाठी सूट मागत बसू नये. बाळाचं दूध आणि पातळ खाणं प्रवासापुरतं नेता येतं, ते तपासणीआधी स्वतःहून वेगळं काढून दाखवावं. दुखण्यावर मारायच्या स्प्रेला मात्र शंभर मिलीचीच मर्यादा. गुडघ्याच्या तेलाची मोठी बाटली निमूट मोठ्या बॅगेत घालावी.

आता गळतीचं. विमानाच्या आत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांशापर्यंत उतरतो, म्हणजे बाटलीतली हवा जवळजवळ एक-तृतीयांशाने फुगते आणि झाकणाच्या फटीतून तेलाला बाहेर ढकलते. अर्धी रिकामी बाटली जास्त गळते ती यामुळेच: आत तेल कमी, हवा जास्त. बाटली गळ्यापर्यंत भरावी. मऊ प्लास्टिकची असेल तर दाबून हवा काढावी आणि दाबलेली असतानाच झाकण फिरवावं. टिचकीने उघडणारं झाकण आणि पंपाची बाटली घेऊच नये, आट्यांचं झाकण घ्यावं. झाकणाखाली तोंडावर प्लास्टिकच्या कागदाचा चौकोनी तुकडा ठेवून मग आवळलं की तेल सहसा बाहेर येत नाही. मे महिन्यात जळगावला पारा पंचेचाळीसला टेकतो, गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. तेल पातळ होऊन विमानात चढण्याआधीच पाझरायला लागतं, तेव्हा ही पिशवी डिकीत न टाकता जवळ ठेवावी. मोठ्या बॅगेत लोणचं देताना नवं, आंबत असलेलं देऊ नये. त्यातून वायू सुटतो आणि बरणीचं झाकण उचललं जातं. मुरलेलं लोणचं प्लास्टिकच्या बरणीत, वर दोन पिशव्या, भोवती जुना टॉवेल आणि जागा बॅगेच्या मधोमध.

मोठ्या बॅगेतही सगळं चालत नाही. आपल्या स्वयंपाकात सुकं खोबरं सढळ लागतं म्हणून वाट्या बांधून दिल्या जातात. पण सुकं खोबरं तेलकटपणामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतं, त्यामुळे ते ना हातात चालतं ना चेक-इनला. देवासाठी दिलेल्या कापराच्या डबीचंही तेच. पॉवर बँक उलट, ती फक्त हातातल्या बॅगेत.

जळगावकरांसाठी आणखी एक पेच आहे. इथून मुंबई-पुण्याचं उड्डाण देशांतर्गत. त्यात पिण्याच्या पाण्याची बाटली सहसा जाऊ देतात आणि बाकी द्रवांबाबतही तपासणी तितकी काटेकोर नसते, अखेरचा शब्द तिथल्या कर्मचाऱ्याचा. तेच सामान घेऊन माणूस मुंबईला आंतरराष्ट्रीय तपासणीत उभा राहतो आणि अडतो. ‘जळगावला तर चाललं’ हे तिथे सांगून उपयोग नाही. दोन वेगळी तिकिटं असतील तर मुंबईत मोठी बॅग परत हातात येते, तेव्हा द्रव वस्तू तिच्यात हलवून घ्याव्यात. सलग एकच तिकीट असून बॅग शेवटच्या ठिकाणापर्यंत लावली असेल, तर जे काही ठरवायचं ते जळगावच्या काउंटरपुढे जाण्याआधीच. शिवाय इथली विमानं एटीआर जातीची, म्हणजे पंख्यांची छोटी, वरचे कप्पे लहान. हातातली बॅगही बरेचदा पायऱ्यांपाशी घेतात आणि खाली ठेवतात. अशा वेळी पॉवर बँक, औषधं आणि पासपोर्ट काढून घ्यायला विसरू नये. ते तिघं एका लहान पिशवीत वेगळे ठेवलेले असले की रांगेत धांदल होत नाही.

युरोपात काही ठिकाणी नवे स्कॅनर आल्यामुळे सवलत मिळते, असं मुलं फोनवर सांगतात. ते खरं आहे, पण त्यावर विसंबून बॅग भरू नये. लंडनच्या सिटी विमानतळाने एप्रिल २०२३ मध्ये दोन लिटरपर्यंत मुभा दिली होती, जून २०२४ मध्ये तिथे पुन्हा शंभर मिली लागू झालं. आणि सवलत त्या विमानतळापुरती असते, वाटेत विमान बदलताना पुन्हा तपासणी झाली तर तिथला नियम. मुंबईच्या ड्युटी-फ्री दुकानातून घेतलेली बाटली सीलबंद पिशवीत आणि पावती दिसेल अशी असते. शेवटच्या मुक्कामापर्यंत ती पिशवी फोडू नये.

एवढं सगळं तिकिटाबरोबर बारीक इंग्रजीत येतं, वाचणारे थोडेच. म्हणून दोन मागण्या. तिकीट काढून देणाऱ्या प्रत्येक एजंटाने तिकिटाबरोबर हे मराठीत, एका पानावर, मोठ्या अक्षरात द्यावं. आम्ही ते सुरू करतो आहोत. दुसरी जळगाव विमानतळ प्रशासनाला: शंभर मिलीची बाटली आणि २० सेंटिमीटरची पिशवी खऱ्या मापात काढलेला मराठी फलक लावावा आणि तो आत तपासणीपाशी नको, प्रवेशदाराबाहेर हवा. आत फक्त तिकीटवाला जातो. सोडायला आलेली गाडीभर माणसं दाराबाहेर उभी असतात, त्यांच्याच हाती ठेच्याचा डबा परत घरी धाडता येईल.

आपले,
प्रवास व्यवसायातील काही वाचक,
जळगाव