फोटोत न मावलेले सर

एनएमएमएस या कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की गुणवंतांचे फोटो छापून येतात. आठवीत ही परीक्षा पास होऊन निवड झाली, की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. आमच्यासारख्या मजुरीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम मोठी. पण माझी मुलगी परीक्षेला बसली ती सरांमुळे. वर्गात तोंड न उघडणाऱ्या पोरीला त्यांनी परिपाठात रोज बातम्या वाचायला उभं केलं. पहिल्या दिवशी हातातला कागद थरथरत होता म्हणे! शाळेआधी तासभर बुद्धिमत्तेचे प्रश्न, शिवाय उत्पन्नाच्या दाखल्यासाठी माझ्यासोबत दोन खेपा, त्याही स्वतःच्या पेट्रोलवर. निकालाच्या फोटोत मात्र सर कडेला, अर्धे कापलेले.

– एक पालक, सातारा जिल्हा