वॉनामेकरमधले नाताळचे दिवे

अप्पर डार्बी, पेनसिल्व्हेनिया
२४ मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. पाडव्याच्या शुभेच्छा रविवारी फोनवर देईनच. पण वाडा पाडायचं ठरलंय आणि माडीवरच्या बाबांच्या ऑर्गनचं काय करायचं, हे जे तू विचारलं आहेस, ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

काल इथलं, फिलाडेल्फियाच्या भर चौकातलं मेसीज कायमचं बंद झालं. एका दुकानासाठी एवढं काय, असं तुला वाटेल. पण हे तेच दुकान, जिथे १९९२ च्या नाताळात आम्ही आई-बाबांना नेलं होतं. तुझ्या अल्बममध्ये फोटो आहे बघ, बाबा मफलर गुंडाळून एका भल्यामोठ्या गरुडाशेजारी उभे आहेत आणि आईने साडीवर यांचा जाड कोट चढवलाय. तेव्हा दुकानाचं नाव वॉनामेकर्स होतं. इथली जुनी माणसं आजही तेच नाव घेतात, मीही घेते.

आम्ही इथे नवीन असताना डिसेंबर अंगावर यायचा. साडेचारला अंधार, सगळ्यांच्या घरात झाडं सजलेली, आणि आमच्याकडे दिवाळी होऊन महिना झालेला. सई लहान होती, तिला शाळेत सगळे विचारायचे की तुमचं झाड कुठाय. ऑफिसातल्या एका बाईंनी मला सांगितलं, तिला वॉनामेकर्सला घेऊन जा, तिकीट नाही, काही विकत घ्यावं लागत नाही, नुसतं जायचं आणि जमिनीवर बसायचं. ६९व्या स्ट्रीटवरून गाडी पकडली की तेराव्या स्ट्रीटचं स्टेशन थेट त्या दुकानाच्या खालीच. बाहेरच्या गारठ्यात पाऊल न टाकता वर आलो, आणि मी सईचा हात धरून नुसती उभी राहिले.

तुला ती जागा डोळ्यांपुढे आणून देते. बारा मजली इमारत, शिकागोच्या डॅनियल बर्नहॅम या वास्तुविशारदाने बांधलेली. मधोमध संगमरवरी चौक, त्याला ग्रँड कोर्ट म्हणतात. सात मजले उंच मोकळा, आणि भोवती प्रत्येक मजल्याचे सज्जे. चौकात तो ब्राँझचा गरुड. ऑगस्ट गॉल या जर्मन शिल्पकाराने केलेला, १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनातून आणलेला, अकराशे किलोंच्या वर वजनाचा. शहरात कुणालाही कुणाला भेटायचं असलं की ‘गरुडापाशी भेटू’ एवढंच सांगतात. किती लग्नं त्या गरुडाशेजारच्या पहिल्या भेटीतून जमली असतील!

आणि त्या चौकात नाताळच्या दिवसांत दिव्यांचा खेळ व्हायचा. दुकानातल्याच फ्रेडरिक योस्ट नावाच्या गृहस्थांच्या कल्पनेतून १९५६ साली तो सुरू झाला. चार मजले उंचीवर हजारो दिव्यांच्या आकृत्या टांगलेल्या: बर्फाची माणसं, रेनडिअर, आगगाडी, नाचणाऱ्या पऱ्या, मोठं घड्याळ. दर दोन तासांनी चौकातले दिवे मंद व्हायचे, एक धीरगंभीर आवाज गोष्ट सांगू लागायचा आणि अंधारात एकेक आकृती उजळायची. तो आवाज जॉन फसेंडा यांचा. ते इथल्या टीव्हीवर बातम्या सांगायचे. खेळ असेल दहा-बारा मिनिटांचा. शेवटी ऑर्गनच्या सुरांवर सगळ्यांत वरचं झाड पेटायचं आणि खाली बसलेली माणसं एकदम ‘आऽ’ करायची. दर वर्षी तेच चित्र, तीच गोष्ट, आणि तरीही तो ‘आऽ’ प्रत्येक वेळी खरा.

बर्फाची माणसं नाचायची कशी, हे सईला यांनी समजावून सांगितलं होतं. एकाच माणसाच्या दोन-तीन आकृती एकमेकींवर बसवलेल्या. एकीत हात वर, दुसरीत हात खाली. एक विझवून लगेच दुसरी लावली की डोळ्यांना हात हललेला दिसतो. हलतं काहीच नाही. आपल्या सांगलीच्या मारुती चौकातल्या गणपतीपुढच्या हलत्या देखाव्याशी आपण जशा तासन्‌तास उभ्या राहायचो ना, सई तशीच उभी. दुसऱ्या खेळासाठी दोन तास थांबायला लावलं तिने.

आई-बाबा आले त्या वर्षी चौक इतका भरला होता की पाय ठेवायला जागा नव्हती. एका आजीबाईंनी आपल्या नातवंडांचे कोट आवरून घेतले आणि आईला हाताने बसायची खूण केली. आई मांडी घालून बसली. सबंध खेळभर दोघी एकमेकींच्या भाषेतलं अवाक्षर न कळता बोलत होत्या, आजीबाई बोट करायच्या आणि आई ‘हो, हो, पाहिलं’ म्हणायची. परत येताना गाडीत आईने पुन्हा पुन्हा विचारलं, ‘अगं, पैसे कोण देतं याचे?’ दुकानदार देतो म्हटल्यावर ती म्हणाली, ‘मग तो नुसता दुकानदार नाही.’

जॉन वॉनामेकर तेव्हा हयात नव्हता, १९२२ सालीच गेला. पण आईचं बोलणं खरंच होतं. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी, सगळ्यांना एकच भाव, आवडलं नाही तर पैसे परत, हे अमेरिकेत ज्यांनी रुजवलं त्यांत त्याचं नाव फार वरचं आहे. आणि याच माणसाने दुकानाच्या चौकात ऑर्गन बसवला.

आता बाबांकडे येते. आपण त्यांना त्या ऑर्गनविषयी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. दिव्यांचा खेळ संपला, लोक उठू लागले आणि वरच्या सज्जातून वादन सुरू झालं. पहिला खर्ज आला तो कानांआधी पायांना कळला. संगमरवर थरथरत होता. बाबा उभे होते ते खाली बसले. ज्या माणसाने आयुष्यभर पायाने भाता मारत भावे नाट्यमंदिरात हौशी नाटकांची साथ केली, ज्याला ऑर्गन म्हणजे बालगंधर्वांच्या मंडळीत वाजायचा तो, लाकडी पेटीतला, पितळी सुरांचा, एवढाच ठाऊक होता, त्याच्यासमोर २८ हजारांहून अधिक नळ्यांचा ऑर्गन वाजत होता! जगातला सगळ्यांत मोठा वाजता ऑर्गन म्हणून तो ओळखला जातो. सगळ्यांत लांब नळ्या ३२ फुटांच्या. वादकापुढे एकावर एक सहा स्वरपट. सगळ्याचं वजन २८७ टन.

बाबांचा पहिला प्रश्न काय असेल सांग? ‘भाता कोण मारतंय?’ यांनी सांगितलं, विजेचे पंखे आहेत. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं नाही. वादन संपल्यावर सज्जात जाऊन ते वादकाला भेटले. त्या सद्गृहस्थांनी बाबांना बाकाजवळ उभं केलं, पट्ट्या दाखवल्या. बाबांनी एकच पट्टी दाबून पाहिली आणि लगेच हात मागे घेतला. रात्री माझ्याजवळ म्हणाले, ‘हवा तीच गं. आपल्याकडे ती पितळेच्या जिभेतून जाते, इथे नळीतून जाते. पण सोडायची तीच हवा.’

आपण दोघींनी बाबांना कौतुकाने बोलताना फार वेळा ऐकलं नाही. म्हणून हे तुला शब्दशः लिहून ठेवते आहे.

पुढे मी त्या ऑर्गनची हकिगत वाचून काढली. सेंट लुईसच्या त्याच प्रदर्शनासाठी तो बांधलेला. प्रदर्शन संपलं आणि तो तसाच गोदामात पडून राहिला. वॉनामेकरने १९०९ साली विकत घेतला, तेरा मालडब्यांतून इथे आणला. तेव्हा दहा हजार नळ्या होत्या आणि एवढ्या मोठ्या चौकात त्यांचा आवाज पुरेना. मग दुकानाच्याच वरच्या मजल्यावर ऑर्गनचा कारखाना काढला आणि वर्षानुवर्षं भर घालत नेली. पहिल्यांदा वाजला तो २२ जून १९११ रोजी, लंडनमध्ये पंचम जॉर्जचा राज्याभिषेक होत असतानाच्या मुहूर्तावर. त्याच वर्षी डिसेंबरात तोच राजा मुंबईला अपोलो बंदरावर उतरला, आणि त्याची आठवण म्हणून आपलं गेटवे ऑफ इंडिया. हे मी बाबांना पत्रातून कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं की आता मुंबईला गेलो की त्या दगडांकडे वेगळ्या नजरेने बघेन.

त्यानंतर दुकानाचे मालक बदलत गेले. १९९५ साली वॉनामेकर्सची पाटी उतरली. हेक्ट्स, मग स्ट्रॉब्रिजेस, मग लॉर्ड अँड टेलर, आणि २००६ मध्ये मेसीज. दर वेळी शहराला एकच काळजी, दिव्यांचं काय होणार? आणि दर वेळी दिवे लागले. मेसीजने जुने बल्ब काढून एलईडी लावले, फसेंडांच्या जागी ज्यूली अँड्र्यूज यांचा आवाज आला. सुरुवातीला मला तो आवाज परका वाटला. आता सईच्या ईराला तोच आपला वाटतो, आणि तिच्याबरोबर ऐकून ऐकून मलाही. पूर्वी रंगीत कारंजी नाचायची ती गेली, त्याचं मात्र मला अजून वाईट वाटतं. आईला ती फार आवडली होती. मधल्या काळात ऑर्गनचेही बरेच भाग मुके झाले होते. मग त्याच्यावर प्रेम करणाऱ्या लोकांनी संस्था काढली, पैसे उभे केले, आणि कसबी माणसांनी वर्षानुवर्षं एकेक दालन उघडून चामडं बदललं, नळ्या साफ केल्या, तो पुन्हा बोलता केला. ताई, हे मी उगाच लिहीत नाही, पुढे वाच.

या जानेवारीत मेसीजने ६६ दुकानं बंद करण्याची यादी जाहीर केली, त्यात हे होतं. म्हणजे मागच्या डिसेंबरात आम्ही ईराला घेऊन गेलो, तेव्हा या दुकानातला तो शेवटचा नाताळ आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ती गरुडाच्या पायथ्याशी बसून वर बघत होती. मी नेहमीसारखी तिच्या टोपीची काळजी करत होते.

शनिवारी ऑर्गनचं निरोपाचं वादन होतं. हे म्हणाले, गुडघे दुखतायत तर कशाला, पण मला जायचंच होतं. खालचे विक्रीचे शेल्फ रिकामे, काही ठिकाणी तर शेल्फच विकायला काढलेले. आणि चौकात, सज्ज्यांवर, जिन्यांवर माणसंच माणसं. काठीवर आलेले म्हातारे, पाठीवर बाळं बांधलेल्या आया, खांद्याला खांदा लावून काळे, गोरे, आपल्यासारखे. पंचाहत्तरीच्या एक बाई माझ्या शेजारी होत्या. त्यांचे वडील त्यांना घेऊन यायचे तेव्हा आठव्या मजल्यावर खेळण्यांच्या विभागात छताला लटकणारी छोटी आगगाडी होती, तिच्यातून त्या फिरायच्या. मी त्यांना बाबांचं सांगितलं. सूर उठला तेव्हा जमीन तशीच थरथरली, जशी बाबांच्या पायांखाली. आम्ही दोघी अनोळखी बायका हात धरून रडलो.

इमारत आता न्यूयॉर्कच्या एका कंपनीने घेतली आहे. गरुड आणि ऑर्गन आहेत तिथेच राहतील असं त्यांनी सांगितलंय, आणि चौकाला शहराने वारसा म्हणून संरक्षणही दिलेलं आहे. दिव्यांसाठी लोक आतापासूनच बोलू लागलेत. माझा भरवसा दुकानापेक्षा या लोकांवर जास्त आहे. सत्तर वर्षांत मालक पाच-सहा झाले. जमिनीवर येऊन बसणारे मात्र तेच, आणि त्यांची मुलं, आणि त्यांची नातवंडं.

आता आपल्या ऑर्गनचं. ताई, तो विकू नकोस. जुन्या वस्तूंचा दुकानदार देतोय ती रक्कम आपल्याला जड नाही, आणि तो नेऊन कुठल्यातरी हॉटेलात शोभेला ठेवील. कोल्हापूरच्या बंद पडलेल्या नाटक मंडळीकडून बाबांनी तो कर्ज काढून आणला होता, आईच्या पाटल्या तेव्हा गहाण गेल्या होत्या, हे तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. २०१९ च्या पुरात गावभाग पाण्यात होता तेव्हाही माडीवर तो कोरडा राहिला. आता वाडा पाडायचा म्हणून त्याला घालवायचं, हे मला पटत नाही. तुझ्या नव्या फ्लॅटमध्ये जागा नसेल तर तू म्हणतेस ते खरं आहे. मग संगीत शिकवणाऱ्या एखाद्या शाळेला दे, पण वाजवतील अशांनाच दे, आणि आधी दुरुस्त करून दे.

मिरजेला सतारमेकर गल्लीत चौकशी कर. तंतुवाद्यवाले असले तरी पेटीची कामं करणारी माणसं त्यांना माहीत असतात. भात्याचं चामडं नक्की गेलं असेल, दोन-तीन सूर बाबा असतानाच बसले होते, पायटे तपासून घ्यावे लागतील. लाकूड सागवानी आहे, त्यावर कुणाला रंग लावू देऊ नकोस. जो काही खर्च होईल तो माझा. ओंकारला सांगून चारी बाजूंनी फोटो काढून पाठव. आतल्या बाजूला कंपनीचं नाव आणि नंबर कोरलेला आहे, त्याचाही. नोव्हेंबरात आम्ही येतोय, ईराही येणार आहे. तिला पट्ट्या दाबून बघायच्या आहेत, मी तिला तसं कबूल केलंय.

भाऊजींना माझा सा. नमस्कार सांग, त्यांच्या साखरेचं कळव. ओंकारला अनेक आशीर्वाद. आणि भात्याची लांबी-रुंदी मोजून कळवायला विसरू नकोस, चामडं इथून आणता येतं का ते बघते.

तुझी,
नंदा