फिल्मवरचा काळा ठिपका

महोदय,

एक्स-रे लेसरवरचा लेख आपल्या विज्ञान पानावर वाचला. माहिती चांगली होती, पण शेवटी 'हे सगळं परदेशात, आपल्याला त्याचं काय' असा सूर लागला, तो खटकला.

शिरोली एमआयडीसीत कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेले भाग, तपासण्यात माझी २८ वर्षं गेली. व्ह्यूअरच्या उजेडावर एक्स-रेची फिल्म धरायची आणि काळा ठिपका शोधायचा. ब्लो होल, म्हणजे धातूत अडकलेल्या वायूचं भोक, दिसलं की जॉब रिजेक्ट. मग मोल्डिंगवाला म्हणणार मेल्टिंगची चूक, मेल्टिंगवाला म्हणणार वाळू ओली होती. भोक कुठे आहे ते फिल्म सांगते. धातू थिजताना ते कधी आणि कसं पडलं, ते सांगत नाही. भांडणाचं मूळ तेच.

हे 'कधी आणि कसं' शास्त्रज्ञ थेट रेणूंच्या बाबतीत शोधताहेत. कॅलिफोर्नियातलं एलसीएलएस हे एक्स-रे लेसर यंत्र २००९ पासून आणि हॅम्बर्गजवळचं युरोपियन एक्सफेल हे तसंच दुसरं २०१७ पासून एक्स-रेचे काही फेमटोसेकंदांचे झोत सोडतं. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग. तेवढ्यात प्रकाशसुद्धा केसाच्या जाडीचा शंभरावा भाग ओलांडत नाही! आधी साध्या लेसरचा ठोका देऊन रेणू हलवायचा, मग ठरावीक वेळाने एक्स-रे सोडायचा. मधलं अंतर थोडं थोडं बदललं की बंध तुटतानाचे एकापाठोपाठ एक फोटो मिळतात. झोत एवढा जबर की नमुन्याच्या चिंधड्या उडतात, पण फोटो त्याआधीच निघालेला असतो. (आमचा रिजेक्ट जॉब निदान भट्टीत तरी परत जायचा.)

असं यंत्र आपल्या देशात नाही, मान्य. पण इंदूरला इंडस-२ आहे, १७२ मीटर घेराचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून एक्स-रे काढणारं यंत्र. त्याचे झोत इतके क्षणिक नसतात, तरी दवाखान्यातल्या एक्स-रेपेक्षा कैक पटींनी प्रखर. इमेजिंगची वेगळी बीमलाइन (किरण नमुन्यापर्यंत आणणारी वाट) तिथे आहे आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनाही काम करता येतं. परदेशात अशाच किरणांखाली ॲल्युमिनियम थिजताना स्फटिकांना फांद्या कशा फुटतात, त्याचं चित्रण झालेलं आहे.

शिवाजी विद्यापीठ आणि इथल्या फाउंड्रीवाल्यांनी मिळून इंदूरला प्रस्ताव पाठवावा, एवढीच विनंती. बिडाच्या जाड जॉबमधून ते किरण आरपार जाणार नाहीत, हे मलाही कळतं. सुरुवात ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्यांनी करा. घासून पॉलिश केलेले नमुने लागले, तर माझ्या माळ्यावर अजून डबाभर आहेत.

– एक निवृत्त क्वालिटी इन्स्पेक्टर, कोल्हापूर