समुद्रातला रेंजर कोण?

संपादक महोदय,

पेंच नाहीतर उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात कोणी फासे लावले तर कोणाला सांगायचं हे आपल्याकडे गावातलं पोरगंही सांगतं, रेंजर साहेबांना. पण तोच वन्यजीव कायदा, १९७२ चा, समुद्रातल्या कासवाला, व्हेल शार्कला, प्रवाळालाही लागू आहे, आणि तिथे रेंजर कोण हे विचारलं तर तीन-चार खात्यांची नावं येतात.

समजा मालवणजवळ रात्री एलईडी लाइट लावून बेकायदा मासेमारी करणारी बोट सापडली, तर तो मत्स्यव्यवसाय खात्याचा विषय, १९८१ चा राज्याचा कायदा, त्यांची हद्द १२ सागरी मैल. त्याच बोटीच्या जाळ्यात ऑलिव्ह रिडले कासव मारलेलं निघालं की केस वन्यजीव कायद्याखाली, म्हणजे वनखातं, किंवा फौजदार आणि त्यावरचे पोलीस. २०२२ च्या दुरुस्तीने कोस्ट गार्डच्या असिस्टंट कमांडंट आणि वरच्या अधिकाऱ्यांनाही झडती-जप्तीचे अधिकार दिले, हे फार चांगलं झालं, कारण भर समुद्रात खरी जहाजं त्यांच्याकडेच आहेत. म्हणजे अधिकार कमी नाहीत हो, पण बोट एक आणि खाती तीन-चार, अशात पहिला हात कोणी घालायचा?

आणि मच्छीमारांना यात खलनायक करू नका प्लीज. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर राज्य सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, आणि कोळी बांधव स्वतः जाळी कापून कासवं सोडतातही. त्यांना रात्री फोन लावायला एक नक्की माणूस पाहिजे, एवढंच.

नागपूरकराने यात का पडावं म्हणाल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक आपल्या सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात बसतात आणि १९८७ साली जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य त्यांच्याच अखत्यारीत येतं. वाघांसाठी आपण जेवढं भांडतो त्यातलं थोडं तरी तिकडे जाऊ द्या ना.

डिसेंबरच्या अधिवेशनात विदर्भातल्याच एखाद्या आमदाराने हे मांडावं: वनखातं, मत्स्यव्यवसाय आणि सागरी पोलीस यांचे अधिकारी एकाच गस्ती बोटीवर, कायमचं पथक, डिझेलसाठी वेगळा निधी, आणि जप्तीपासून कोर्टातल्या तक्रारीपर्यंत जबाबदार असा एक अधिकारी, ज्याचा नंबर प्रत्येक बंदरावर लिहिलेला असेल.

एक वाचक, नागपूर