दशावताराचे ध्वनिमुद्रण फ्लॅकमध्ये द्या

संपादक महोदय, स. न.

कार्तिकात जत्रा लागल्या की कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडीकडे रात्ररात्र दशावतार रंगतो. हल्ली रंगमंचाजवळ चांगले रेकॉर्डर घेऊन बसलेली तरुण मुले दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र ती ध्वनिमुद्रणे कोणत्या फाइलींत देतात, त्याबद्दल लिहिणे भाग आहे. ती फ्लॅक या खुल्या ध्वनिफाइल प्रकारात द्यावीत, एवढेच माझे म्हणणे.

गेल्या हंगामात आमच्या गावच्या प्रयोगाचे मुद्रण डीएसडी नावाच्या प्रकारातल्या ध्वनिफाइलींत मिळाले. माझ्या खिशातल्या म्युझिक प्लेअरवर ते सुरेख वाजले. झांजेचा रेंगाळणारा नादही स्वच्छ. पण रात्रभर पेटी वाजवणाऱ्या बुवांच्या मोबाइलवर फाइल उघडलीच नाही. स्वतःचे वादन ऐकायला त्यांना माझ्या घरी यावे लागले. हे मला फार लागले.

डीएसडी ही १९९९ साली सोनी-फिलिप्सने सुपर ऑडिओ सीडी या वरच्या दर्जाच्या तबकडीसाठी आणलेली ध्वनिमुद्रणाची पद्धत. आवाजाच्या प्रत्येक नमुन्याला, म्हणजे क्षणाच्या मोजमापाला, बिट एकच, पण सेकंदाला २८ लाखांवर नमुने, म्हणजे सीडीच्या ६४ पट. तासाला अडीच जीबी जागा जाते. पुढे आवाजाची पातळी सारखी करायची, तर बहुधा ती पीसीएममध्ये, म्हणजे सीडीसारख्या अनेक बिटांच्या नमुन्यांत, आणावीच लागते.

एमक्यूए या एका कंपनीच्या मालकीच्या ध्वनिफाइल पद्धतीचे काय झाले तेही पाहावे. तिच्यातला दडवलेला तपशील उलगडायला परवानाधारक प्लेअर किंवा सॉफ्टवेअर लागते. २०२३ मध्ये मूळ कंपनी आर्थिक अडचणीत प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि २०२४ मध्ये टायडल या ऑनलाइन संगीतसेवेने एमक्यूए सोडून फ्लॅक धरले. आपल्या आख्यानांची किल्ली अशी परक्या कंपनीच्या हाती का द्यावी?

फ्लॅक २००१ पासून खुले आणि मोफत आहे, एकही बिट गाळत नाही, आजच्या बहुतेक मोबाइलवर वाजते. नमुन्याला २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने, एवढे आपल्याला पुरे. त्यात निम्म्यापर्यंतचे, म्हणजे सुमारे २४ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर मावतात. आणि माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाही. २४ बिटांचा उपयोग मात्र खरा आहे: युद्धाच्या प्रवेशात पखवाज कडाडतो आणि पाठोपाठ राणीचा विलाप अगदी हळू येतो, आवाजाची पातळी खाली ठेवून मुद्रण केले तरी तो विलाप खरखरीत बुडत नाही.

मंडळांना आणि देवस्थान समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मुद्रणाला परवानगी देतानाच फ्लॅक प्रतीची अट घाला. एक प्रत मंडळाकडे, एक प्रत्येक कलाकाराकडे. फाइलीच्या नावात गाव, तारीख, आख्यान आणि पेटी-पखवाज-झांजवाल्यांची नावे असावीत.

– एक दशावतारप्रेमी, कुडाळ (सिंधुदुर्ग)