फोक-रॉकमधल्या वाजवण्याबद्दलही लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला फोक-रॉकवरचा, म्हणजे रॉकच्या वाद्यांवर वाजणाऱ्या लोकसंगीतावरचा, लेख मी दोनदा वाचला. जुनी कथागीतं, त्यातले खून आणि शाप, समुद्रावर गेलेले नवरे, गायिका सँडी डेनीचा आवाज, सगळं मनापासून लिहिलेलं होतं. पण 'अधूनमधून वाद्यवादनाचे तुकडेही असतात' या एका वाक्यात लेखकाने जी गोष्ट उरकली, तिच्याचसाठी माझ्यासारखे कितीतरी जण हे संगीत ऐकतात. म्हणून हे पत्र.

जिग आणि रील या आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या, मूळच्या नाचाच्या चाली. जिगच्या सहा मात्रा तीन-तीनच्या दोन उड्या घेत पळतात. दादऱ्याचं वजन कानात असलेल्याला ती लगेच ओळखीची वाटते, मात्र तिचा वेग पाय जमिनीवर ठेवू देत नाही. रील सरळ चारांची, पण नाचाच्या गतीला फिडलवर, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनवर, सेकंदाला सात-आठ स्वर पडतात. बांधणी साधी आहे. आठ बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) पहिला भाग, तोच पुन्हा. आठ बारचा दुसरा भाग, तोही पुन्हा. ३२ बार झाले की चाल परत दारात येऊन उभी. अशी दोन-तीनदा फिरवली की वादक न थांबता दुसऱ्या चालीत शिरतात. अशा जोडलेल्या चालींचा मिळून एक सेट होतो.

खरी मजा या शिरण्यात आहे. शेवटची फेरी चालू असताना ऐकणाऱ्यांना आधीच चाहूल लागलेली असते. फिडलवाला मान वर करतो, बासवाल्याशी नजरानजर होते, ड्रमर झांजा थोड्या मोकळ्या सोडतो. पुढच्या ठोक्याला चाल बदलते, बरेचदा पट्टीही चढते, कधी जिगची रील होते. आणि गर्दीतून एक आरोळी उठते. ती कोणी शिकवलेली नसते. समेवर आल्यावर 'वा!' निघून जातं तशीच ती निघते. फरक एवढाच, की इथे जुनी चाल जिथे संपते त्याच ठोक्यावर नवी जन्मलेली असते. शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस त्या क्षणी तुमच्याकडे बघून हसतो. मला हे हसू फार मोलाचं वाटतं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तालाचं रीतसर शिक्षण घेतलेला एक मित्र सोबत होता. तो मांडीवर मात्रा मोजत होता, आणि चाल बदलली तशी त्याची मोजणी चुकली. तो ताडकन उठला, 'परत लाव, परत लाव' म्हणाला. त्या संध्याकाळी आम्ही तो एकच सेट किती वेळा ऐकला ते सांगता येणार नाही. शेवटी त्याने मोजणं सोडून दिलं आणि नुसताच डोलत राहिला.

या वाजवण्यामागचा इतिहास कळला तेव्हा तर माझं प्रेम दुणावलं. मे १९६९ मध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शन हा इंग्लिश बँड कार्यक्रम करून रात्री परतत असताना एम-वन महामार्गावर त्यांची व्हॅन उलटली. ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला, अवघ्या १९ वर्षांचा. त्याच अपघातात गिटारवादक रिचर्ड थॉम्पसनची मैत्रीणही गेली. बँड मोडणार असंच वाटत होतं. पण त्या उन्हाळ्यात ते हॅम्पशरमधल्या एका जुन्या घरात एकत्र राहिले आणि परंपरेतल्या गाण्यांकडे, नाचाच्या चालींकडे वळले. वर्ष संपण्याआधी त्यांचा जो अल्बम आला, त्यात जिग आणि रील एकामागोमाग वाजवलेला एक सेट आहे. शोक ताजा असलेल्या पोरांनी नाचाच्या चाली इतक्या उसळून वाजवाव्यात, हे आठवलं की आजही माझा गळा दाटून येतो.

त्या सेटमध्ये डेव्ह स्वारब्रिकचं फिडल आणि थॉम्पसनची इलेक्ट्रिक गिटार तीच चाल बरोबरीने वाजवतात. गिटार मागे राहून साथ करत नाही, खांद्याला खांदा लावून पळते. लॅम्बलच्या जागी आलेला डेव्ह मॅटॅक्स नृत्यगृहांतल्या बँडमधून आला होता आणि लोकसंगीत त्याला नवीन होतं. मला वाटतं, तेच फायद्याचं ठरलं. ड्रमने या चालींचा जीव जातो अशी तक्रार जुने जाणकार करतात, आणि ड्रमर प्रत्येक स्वरावर काठी हाणणारा असेल तर ती खरीच आहे. चालीची उसळी तिथल्या तिथे मरते. मॅटॅक्स मात्र जागा सोडतो. फिडल धावत असतं आणि खालून त्याचे ठोके निम्म्या गतीने, ठाम पडत असतात. त्यामुळे वरची धाव आणखीच वेगवान वाटते.

स्वारब्रिकवर चाहत्यांचं किती प्रेम होतं पाहा. फुप्फुसाच्या आजाराने त्याचं वाजवणं बंद पडलं, तेव्हा त्याच्या मदतीसाठी मित्रांनी आणि चाहत्यांनी 'स्वारबएड' नावाने कार्यक्रम करून पैसे उभे केले. १९९९ मध्ये तर एका मोठ्या ब्रिटिश दैनिकाने तो जिवंत असताना त्याचा मृत्युलेख छापला होता. २००४ मध्ये फुप्फुसांचं प्रत्यारोपण झालं आणि तो पुन्हा मंचावर उभा राहिला. २०१६ मध्ये तो गेला. ही सगळी माया एका फिडलवादकाच्या वाट्याला आली होती.

आयर्लंडच्या मूव्हिंग हार्ट्सचं उदाहरण मला आणखी बोलकं वाटतं. हा बँड राजकीय आशयाच्या गाण्यांसाठी ओळखला जायचा. १९८५ चा त्यांचा अल्बम मात्र पूर्ण वाद्यांचा आहे. त्यात इलियन पाइप्सचे, म्हणजे कोपराने भात्यात हवा भरून वाजवायच्या आयरिश बॅगपाइपचे, दोन वादक आणि सोबतीला सॅक्सोफोन आहे. शब्द गेले म्हणून बँड कुठेही उणा पडलेला नाही. माझ्या मते ते त्यांचं सर्वांत चांगलं काम आहे. हॉर्सलिप्सने १९७३ मध्ये एका जुन्या मार्चची चाल इलेक्ट्रिक गिटारवर घेतली. तीच धून १९९० च्या विश्वचषकात आयरिश फुटबॉल संघाच्या गाण्यात आली आणि देशभरच्या चाहत्यांच्या तोंडी बसली. स्कॉटलंडमध्ये स्काय बेटावरचे पीटबॉग फेअरीज जवळजवळ निव्वळ वाद्यांवर गर्दी नाचवतात. स्वीडनच्या होवेन ड्रोवेनचं फिडल तर जड, कर्कश गिटारच्या भिंतीवर चढून वाजतं. ते सगळ्यांना रुचेल असं नाही, मला रुचतं.

मराठी वाचकाला या संगीताच्या घरात शिरायचं तर माझ्या मते वाद्यांचं दार जास्त सोपं आहे. कथागीतांची जुनी स्कॉट्स बोली समजायला शब्दार्थाची यादी लागते. रीलला काहीच लागत नाही. या चालींना बहुतेकदा कर्त्याचं नावसुद्धा नसतं. त्या हातातून हातात आल्या आहेत. शिकागोचे पोलीसप्रमुख असलेले फ्रान्सिस ओ'नील यांनी १९०३ मध्ये १,८५० आयरिश चाली छापून ठेवल्या. पोलीसखात्यातल्या आयरिश शिपायांकडून आणि ओळखीपाळखीच्या वादकांकडून ऐकून ऐकून जमवलेल्या. एवढा खजिना आज कोणाही वादकाला खुला आहे.

ऑक्सफर्डशरमधल्या क्रॉप्रेडी गावात १९७९ साली फेअरपोर्टने निरोपाचा कार्यक्रम केला. लोकांनी तो निरोप मानला नाही, आणि पुढे तिथे दरवर्षी ऑगस्टमध्ये महोत्सव भरत राहिला. माळावर आजोबा आणि नातवंडं एकाच रीलवर उड्या मारतात. त्या नातवंडांना चालीचं नाव ठाऊक नसतं, पण ती कुठे बदलणार ते पायांना बरोबर ठाऊक असतं.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की पुरवणीत याच विषयावर पुन्हा लिहून यावं आणि या वेळी वादकांपासून सुरुवात व्हावी. फिडल, पाइप्स, मँडोलिन, बुझुकी (लांब मानेचं तंतुवाद्य) कोण वाजवतं ते नावानिशी छापावं. चाल कुठे बदलते तेही सांगावं, म्हणजे वाचक कान टवकारून त्या जागेची वाट बघेल. आणि तो लेख लिहायला कोणी मिळत नसेल तर मी आनंदाने लिहीन.

आपला,
एक नियमित वाचक