गुणतक्त्यात ‘गमावलेले गुण’ही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दक्षिण आफ्रिकेच्या फुटबॉल लीगचा 2019-20 चा हंगाम कुठेही आठवला गेला, की ‘कायझर चीफ्सने शेवटच्या दिवशी हातातले विजेतेपद घालवले’ हे वाक्य ठरलेले असते. शेवटच्या दिवशी ते अव्वल स्थानावरून घसरले हे खरेच, पण विजेतेपद त्याआधीच निसटत चालले होते. ते दिसले नाही, कारण वर्तमानपत्रांत छापला जाणारा गुणतक्ता ते दाखवतच नाही.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे लीग थांबली, तेव्हा चीफ्सचे 22 सामन्यांत 48 गुण होते आणि शेवटी विजेते ठरलेल्या मामेलोडी सनडाउन्स या प्रतिस्पर्धी क्लबचे 21 सामन्यांत 44. तक्त्यानुसार आघाडी 4 गुणांची. विजयाला 3 गुण मिळतात, म्हणून आता खेळलेल्या सामन्यांना 3 ने गुणून त्यातून मिळवलेले गुण वजा करून पाहा. चीफ्सने 66 पैकी 18 गुण गमावले होते, सनडाउन्सने 63 पैकी 19. खरे अंतर एका गुणाचे होते! 1970 मध्ये स्थापन झालेला हा क्लब पन्नाशीच्या वर्षात 2014-15 नंतरच्या पहिल्या विजेतेपदाकडे निघाला होता, त्यामुळे चाहत्यांना ती 4 गुणांची आघाडी भक्कम वाटली, हे समजण्यासारखे आहे.

ऑगस्टमध्ये लीग पुन्हा सुरू झाली ती फक्त गाउटेंग प्रांतात, प्रेक्षकांविना. चीफ्सला 8 आणि सनडाउन्सला 9 सामने चार आठवड्यांच्या आत खेळायचे होते. अशा वेळी पहिल्या अकरापेक्षा राखीव खेळाडू किती दमदार आहेत याला महत्त्व येते, आणि तिथे सनडाउन्स उजवे होते. तरीही त्यांनी मुसंडी मारली असे म्हणता येणार नाही. त्यांनी 27 पैकी 15 गुण मिळवले, चीफ्सने 24 पैकी 9. दोघेही अडखळले, चीफ्स जास्त. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ते समोरासमोर आले आणि भरपाई वेळेत अँथनी लाफॉरने केलेल्या गोलावर सनडाउन्स 1-0 ने जिंकले. माझ्या मते हंगामाचा कौल त्या सामन्यात लागला. बरोबरी झाली असती, तर चीफ्सला एक गुण अधिक आणि सनडाउन्सला दोन गुण कमी मिळाले असते, आणि अंतिम तक्त्यात दोघांमध्ये अंतर दोनच गुणांचे राहिले.

5 सप्टेंबरच्या सकाळी दोघांचे 56 गुण होते. गुण समान झाले की तिथे गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून स्वीकारलेले गोल वजा करून उरणारा आकडा, पाहिला जाणार होता. चीफ्सचा गोलफरक अधिक 21, सनडाउन्सचा अधिक 20. खामा बिलियाटच्या गोलवर चीफ्सने बारोकाविरुद्ध आघाडी घेतली, दुसऱ्या सत्रात मॅन्युएल कांबालाने बरोबरी साधली आणि सारा दोष त्या एका गोलवर टाकला गेला. पण दुसऱ्या मैदानावर सनडाउन्सने ब्लॅक लेपर्ड्सला 3-0 ने हरवले होते. चीफ्सने 1-0 टिकवून धरले असते, तरी दोघांचे 59 गुण झाले असते आणि गोलफरक 22 विरुद्ध 23 राहून विजेतेपद सनडाउन्सकडेच गेले असते. बारोकाविरुद्ध चीफ्सला एक नव्हे, दोन गोलांनी जिंकणे भाग होते. तेव्हाही 23 विरुद्ध 23 अशी गोलफरकाचीही बरोबरी होऊन पुढचा निकष लागला असता.

हा मुद्दा आपल्यापासून दूरचा नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात, 2020-21 मध्ये, इंडियन सुपर लीगचा संपूर्ण हंगाम गोव्यातल्या तीन मैदानांवर झाला. मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान या दोघांचे साखळीअखेर 20 सामन्यांत 40 गुण झाले. तिथे मात्र आधी पाहिले गेले ते आपसांतले सामने. मुंबईने दोन्ही जिंकले होते, म्हणून बांबोळीच्या शेवटच्या सामन्यानंतर साखळीतल्या अव्वल संघाची शील्ड मुंबईला मिळाली. दोन लीग, दोन वेगळे नियम. तक्त्याखाली नियम छापलेला नसेल, तर वाचकाने शेवटच्या फेरीचे गणित मांडायचे कशावर?

म्हणून विनंती अशी. तक्त्यात ‘गमावलेले गुण’ हा एक रकाना वाढवावा. विजयाला शून्य, बरोबरीला 2, पराभवाला 3. हा आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे कुणाचे सामने कमी-जास्त झाले असले तरी तुलना फसत नाही. शिस्तभंगामुळे कुणाचे गुण कापले गेले असतील, तर ते या रकान्यात मिसळू नयेत, वेगळी खूण करावी. या रकान्याला एक मर्यादाही आहे. उरलेले सामने कुणाशी आहेत हे त्यातून कळत नाही, तेव्हा पहिल्या दोन-तीन संघांच्या उरलेल्या लढती शेजारी द्याव्यात. जागा नसेल तर सामनागणिक गुणांची सरासरी दिली नाही तरी चालेल. मार्च 2020 मध्ये ती चीफ्सची 2.18 आणि सनडाउन्सची 2.10 होती, म्हणजे लीग तिथेच गुंडाळून सरासरीने निकाल लावला असता तर चीफ्स विजेते ठरले असते. पण लीग पुढे चालणार असेल, तर सरासरीपेक्षा गमावलेले गुण लवकर समजतात.

हंगाम बदलतानाही एक ओळ हवी. दक्षिण आफ्रिकेतला 2016-17 चा विजेता क्लब बिडवेस्ट विट्स 2020-21 च्या तक्त्यात नाही, पण तो खालच्या श्रेणीत घसरला नव्हता. त्याची लीगमधली जागा विकली गेली आणि लिंपोपो प्रांतातला टीटीएम (त्शाखुमा त्शा माद्झिवांडिला) हा क्लब त्या जागी आला. हायलंड्स पार्क या क्लबची जागाही तशीच टीएस गॅलक्सी या क्लबकडे गेली. नुसता तक्ता पाहणारा वाचक विट्स आणि हायलंड्स पार्क खालच्या श्रेणीत घसरले असेच समजेल.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, मडगाव